केबलचं निमित्त

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला एक वाईट खोड असते. दुकानात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, समोरच्या माणसाबद्दल त्याच्या तोंडावर मराठीत वाटेल ते बोलायचं. त्याला कुठे कळतंय, या भरवशावर. उज्जैनमध्ये तर हा भरवसा मुळीच धरू नये, कारण इथे मराठी माणूस कुठल्या कोपऱ्यातून निघेल याचा नेम नाही. पण विनोदिनीबाई टोकेकर जन्मभर उज्जैनमध्ये राहूनही ही खोड सोडू शकल्या नव्हत्या, आणि त्या दुपारी फ्रीगंजमध्ये त्याचे परिणाम त्यांच्या लेकीला भोगावे लागले. भोगावे लागले म्हणजे... तुम्हीच ठरवा.

गोष्ट नव्वदीच्या उत्तरार्धातली. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले होते आणि त्यांच्या शेजारी कॉम्प्युटर क्लासचे निळे. टॉवरजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भार्गवी काउंटरवर एक लॅपटॉप ठेवून उभी होती. एवढासा, पातळ, पाटीसारखा हातात मावणारा. दुकानदाराने तो उचलला, उलटा केला, सुलटा केला.

“मैडम, इसमें फ्लॉपी कहाँ डालते हैं?”

“वही तो पूछ रही हूँ, भैया.”

अडचण अशी होती. अमेरिकेतल्या अरविंदमामाने सुट्टीवर येताना भाचीसाठी आपल्या ऑफिसातला जुना लॅपटॉप आणला होता. तो हलका व्हावा म्हणून बनवणाऱ्यांनी त्यातली फ्लॉपीची सोय काढून वेगळ्या डबीत घातली होती, आणि ती डबी मामा तिकडेच विसरून आला होता. लॅपटॉपच्या पोटात नुसतं डॉस, बाकी सगळं कोरं. भार्गवीला त्यावर प्रोग्रॅम लिहायचे होते आणि त्यासाठी लागणारा कंपायलर घरी फ्लॉप्यांच्या गठ्ठ्यात बसून होता. घर आहे, सामान आहे, पण घराला दारच नाही, अशी गत.

“ये तो इंदौर में भी नहीं मिलेगा,” दुकानदार म्हणाला. “बंबई देखना पड़ेगा.”

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगा सोल्डरची तार निवडत होता. त्याने मान वर केली. “फ्लॉपी की ज़रूरत ही नहीं है. दूसरे कंप्यूटर से केबल जोड़ दो, सब सामान उधर से इधर आ जाएगा.”

विनोदिनीबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि लेकीकडे वळून, आवाज जराही न उतरवता म्हणाल्या, “भार्गवी, नको हं. दिसायला बरा आहे, पण शर्ट बघ, इस्त्रीचा पत्ता नाही. आणि न विचारता मध्ये बोलणारी माणसं कामाची नसतात.”

“आगाऊ आहे,” भार्गवी म्हणाली. आणि मग, कोण जाणे कशाला, तिच्या तोंडून निघून गेलं, “पण डोळे छान आहेत.”

मुलाने तार खाली ठेवली.

“काकू, सकाळपासून लाइट नव्हती,” तो स्वच्छ मराठीत म्हणाला. “इस्त्री कशी करणार?”

डोळ्यांबद्दल तो काही बोलला नाही. फक्त त्याचे कान हळूहळू लाल होत गेले, आणि भार्गवीला वाटलं, या काउंटरखाली जागा असती तर आपण आत्ता तिथे जाऊन बसलो असतो.

विनोदिनीबाई मात्र अशा प्रसंगांना सरावलेल्या होत्या. त्यांनी अर्ध्या मिनिटात बाजू पलटवली. नाव काय, रुचिर सबनीस. राहायला कुठे, माधव नगर. म्हणजे अंबिकाताई सबनीसांचे कोण? पुतण्या. अगं बाई, म्हणजे आपल्यातलेच. “मग मघाशी हिंदीत कशाला बोलत होतात?” असं वर त्यालाच विचारून, लॅपटॉप दुरुस्त होत असेल तर आमची हरकत नाही, असंही सांगून त्या मोकळ्या झाल्या.

*

रुचिरचा क्लास माधव नगरात एका सायकलच्या दुकानाच्या वर होता. लहानशी खोली, भिंतीला टेकून कॉम्प्युटर, खिडकीत बोगनवेलीची फांदी आत शिरलेली. सकाळी तो शाळेतल्या मुलांना शिकवायचा आणि दुपारी गावभरची मशीनं दुरुस्त करायचा. भार्गवी गेली तेव्हा तो केबलची टोकं सोलत बसला होता. शर्टाला कडक इस्त्री होती. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

“विकत नाही मिळत ही?” तिने विचारलं.

“मिळते. पण इथे नाही. आणि बनवायला काय लागतं, यात एकच गंमत आहे.” त्याने दोन तारा बोटांत धरून एकमेकींवर टाकल्या. “इकडची बोलायची तार तिकडच्या ऐकायच्या पिनेला जोडायची. आणि तिकडची बोलायची इकडच्या ऐकायच्या.”

“आणि सरळ जोडल्या तर?”

“मग दोघंही बोलत राहतात. ऐकत कोणीच नाही.”

“म्हणजे आमच्या घरासारखं.”

तो हसला. हसताना त्याच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न हललं आणि राळेच्या धुराची एक बारीक रेघ तिच्याकडे आली. तिला तो वास आवडला, आणि आवडला याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

तिने घरून आणलेल्या फ्लॉप्या त्याच्या मशीनमध्ये उतरवल्या आणि केबल जोडली. त्याच्या जाडजूड मशीनपासून तिच्या पातळ मशीनपर्यंत ती काळी तार टेबलावर पसरली, आणि कंपायलर अगदी थेंबाथेंबाने इकडून तिकडे यायला लागला. पडद्यावर टक्के सरकत होते, पण असे की मुंगीनेही जांभई द्यावी. दोघांना शेजारी शेजारी बसून राहण्यावाचून काही काम नव्हतं. केबल आखूडच होती. मुद्दाम आखूड केली होती की तार संपली होती, हे तिने तेव्हा विचारलं नाही.

“काय बनवणार यावर?” त्याने विचारलं.

भार्गवी सांगत सुटली. रामघाटाच्या वाटेवर एक धर्मशाळा होती. तिथल्या खोल्यांना नंबर नव्हते, दान देणाऱ्यांची नावं होती. पहाटे गाडीने यात्री उतरले की मॅनेजर जिने चढत-उतरत कुठली खोली रिकामी आहे ते बघत फिरायचा, आणि तोवर म्हाताऱ्या बायका बोचक्यांवर बसून राहायच्या. भार्गवीने एकदा हे पाहिलं आणि तिला वाटलं, हे मशीनला विचारता आलं पाहिजे. ट्रस्टचे सेक्रेटरी बापूसाहेब म्हणाले, बनव बेटा, दसऱ्याला कमिटी बसते, मुहूर्तावर दाखव. कमिटीला पसंत पडलं तर काम तुझं. धर्मशाळेत कॉम्प्युटर नव्हता, म्हणून जे काही दाखवायचं ते बरोबर घेऊन जायला हवं होतं.

“आणि पसंत नाही पडलं तर?”

“तर दसऱ्यानंतर शाळेत शिकवायला जायचं. शोभामावशीच्या शाळेत जागा आहे. बाबा म्हणतात, एक संधी दिली, ती झाली, आता हे खेळणं पुरे.” ती हसून सांगत होती, पण शेवटच्या शब्दाला तिचा आवाज जरासा अडखळला. भार्गवीला शाळा नावडत होती अशातली गोष्ट नाही. पण रात्री झोपताना तिच्या डोक्यात खोल्या भरायच्या आणि रिकाम्या व्हायच्या, आणि असं काही डोक्यात चाललेलं असताना पहिलीच्या पोरांना पाढे शिकवायचे म्हणजे तिला जिवंतपणी दार लावून घेतल्यासारखं वाटत होतं.

रुचिरने यावर उपदेश केला नाही. तो म्हणाला, “मग हे नीटच बसवू.”

तेवढ्यात लाइट गेली. त्याचं मशीन पटकन डोळा मिटून बसलं आणि तिचं, बॅटरीवरचं, खोलीत एकटंच निळं चमकत राहिलं.

“झालं. पुन्हा पहिल्यापासून,” ती म्हणाली.

“हो ना...” तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख औषधालाही नव्हतं. “चाय मागवू?”

*

पुढचे दिवस असेच गेले. कंपायलर आला, पण चालेना, कारण तो कुठे ठेवलाय हे मशीनला ठाऊक नव्हतं. रुचिरने तिला पाथ लिहायला शिकवलं.

“याला सांगावं लागतं, कुठे कुठे शोधायचं. न सांगता याला काही कळत नाही.”

“मशीनला ना?”

“मशीनलाच. दुसऱ्या कोणाबद्दल बोलून राहिलोय मी?”

“मला काय माहीत,” भार्गवी म्हणाली आणि पाथची ओळ उगाच दोनदा वाचली.

मग एकाच वेळी किती फायली उघडायच्या ती संख्या वाढवली, मेमरीची एक ओळ बदलली, आणि एके दिवशी तिने लिहिलेला पहिला तुकडा त्या चिमुकल्या मशीनवर चालला. पडद्यावर धर्मशाळेच्या खोल्यांची नावं ओळीने उमटली. दोघंही वाकून ती वाचायला लागले. तिचा कोपर त्याच्या कोपराला लागला होता, आणि तो काढून घ्यायची घाई कोणालाच झाली नाही.

खरं तर इथेच रुचिरचं काम संपलं होतं. आता मशीन घरी न्यायचं, अंगणात बसून लिहायचं. हलक्या लॅपटॉपचा फायदाच तो. भार्गवी न्यायचीही. पण एक-दोन दिवस गेले की सबनीसांकडून फोन यायचा. “केबल सैल झाली असेल, एकदा मशीन घेऊन या.” “ती मेमरीची ओळ तपासायची राहिली.” “आज लाइट आहे, घेऊन या.” ती जायची. तो केबल लावायचा, काहीतरी टाइप करायचा, टक्के सरकायचे, आणि मग सेव-परमल खात दोघं जगभराच्या गप्पा मारायचे. केबलला काय झालंय ते मात्र तो कधी नीट सांगायचा नाही.

घरी विनोदिनीबाईंनी भुवई वर करायला सुरुवात केली. समोरच्या कुसुमवहिनी गरब्याला जाता जाता म्हणाल्या, “काय ग, तुझं मशीन फारच आजारी असतं.” बाबा, म्हणजे बँकेतले यज्ञेश्वर टोकेकर, एकदा भार्गवीच्या मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, “ही नावं कसली?” असं विचारलं, तिने सांगितलेलं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत निघून गेले.

अष्टमीला पुन्हा फोन आला. उद्या खंडेनवमी, मशीन पूजेला बसेल, तेव्हा आजच एकदा आणा. भार्गवी गेली, पण कुसुमवहिनींचं बोलणं तिच्या डोक्यात भुणभुणत होतं. त्यात रुचिरने केबल लावली, नेहमीसारखं खाली मान घालून काहीतरी टाइप केलं, आणि विचारल्यावर म्हणाला, “काही नाही, तपासतोय.”

“दर वेळी केबलच कशी सैल होते हो?” ती एकदम म्हणाली. “बोलायचं असेल तर सरळ बोलावं. ही असली निमित्तं काढू नका. लोक हसतात मला.”

रुचिरचे कान लाल झाले. टक्के पूर्ण होईपर्यंत तो थांबला. मग केबल काढून तिचं नीट वेटोळं केलं.

“बरं,” तो म्हणाला. “नाही काढणार.”

ती लॅपटॉप उचलून निघाली. जिना उतरेपर्यंत राग होता. सायकलच्या दुकानापाशी आल्यावर राग कुठे गेला ते कळलंच नाही, आणि घरी पोचेपर्यंत तर तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. रात्री तिने एक तुकडा नव्याने लिहिला, ज्याला जिना चढवत नाही त्याला आधी तळमजल्याची खोली मिळावी असा. तो चालला. आनंद झाला, पण सांगायला कोणी नव्हतं. सांगायचं ज्याला होतं त्याला तर निमित्त काढू नका म्हणून आली होती.

*

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजेला बसतात. टोकेकरांकडे हत्यारं म्हणजे अडकित्ता, विळी, शिवणयंत्र आणि बाबांचं फाउंटन पेन. यंदा पाटावर लॅपटॉपही आला. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही, ती विश्रांती घेते. आई म्हणाली, तुझंही हत्यारच ते. भार्गवीने झाकण उघडून ठेवलं, किबोर्डवर एक झेंडू ठेवला आणि आईला पुरणाला मदत करायला आत गेली.

पुढचं तिने पाहिलं नाही, ऐकलं. नारळ फोडल्याचा आवाज. आणि नारळ कुठल्या वस्तूपुढे फुटला ते तिला दसऱ्याच्या सकाळी कळलं, जेव्हा तिने लॅपटॉप हातात घेतला आणि किबोर्डमधून खोबऱ्याचा गोड वास आला.

तिने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडदा काळा तो काळाच. बटणं चिकट झाली होती, आणि उलटा केल्यावर कडेतून एक थेंब टपकला.

बाबा दारात उभे होते. नवीन धोतर, कपाळाला गंध. त्यांनी तो थेंब पाहिला आणि त्यांचा चेहरा असा उतरला की भार्गवीला बघवेना.

“दोन थेंब उडाले होते ग,” ते म्हणाले. “मी पंच्याने पुसले. मला वाटलं... अगं, मीच म्हटलं विनोदिनीला, अडकित्त्याला काय फोडायचा नारळ, भार्गवीच्या मशीनपुढे फोडू. उद्या तिचं काम आहे.”

आता सांगा, अशा माणसावर कसं रागवायचं? ज्याने महिनाभर याला खेळणं म्हटलं, त्याने आपणहून तिच्या कामापुढे नारळ फोडला होता. आणि नेमका त्याच नारळाने घात केला. भार्गवीला बाबा आपल्या बाजूला आले म्हणून रडू येत होतं की सगळं बुडालं म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बुडालं मात्र सगळंच होतं. प्रोग्रॅम होता तो त्याच मशीनच्या पोटात. दुसरीकडे काढून ठेवावं एवढी अक्कल तिला होती, पण फ्लॉपीच नाही तर काढणार कशावर. घराला दार नव्हतं, आणि आता घराला कुलूप लागलं होतं.

“कमिटी अकराला बसणार,” ती कशीबशी म्हणाली.

“स्कूटर काढतो,” बाबा म्हणाले. “त्या सबनीसाकडे जाऊ. तो करेल काहीतरी.”

*

रुचिरच्या खोलीत सगळ्या मशीनांना झेंडूच्या माळा होत्या. त्याने भार्गवीच्या हातातला लॅपटॉप घेतला, वास घेतला, आणि यज्ञेश्वररावांकडे पाहून काही विचारलं नाही. शहाणा मुलगा.

“आज नाही उठणार हा,” तो म्हणाला. “उघडून, धुऊन, वाळवावा लागेल. वाचेल बहुतेक. पण आज नाही.”

भार्गवी स्टुलावर बसली. “मग गेलं सगळं.”

“सगळं नाही गेलं.”

“यातच होतं हो सगळं.”

रुचिरने आपल्या मशीनच्या गळ्यातली माळ काढली आणि मशीन चालू केलं. पडद्यावर एक यादी आली. त्याने एक नाव निवडलं, आणि धर्मशाळेच्या खोल्या ओळीने उमटल्या. तिच्याच क्रमाने, तिच्याच शब्दांत.

“हे कुठून आलं?”

“केबलमधून,” तो म्हणाला. नजर पडद्यावर, कान लाल. “तुम्ही आलात की तुमचं काम इकडे उतरवून घ्यायचो. तुमच्याकडे फ्लॉपी नाही... काही झालं तर काय, म्हणून. दर वेळचं आहे. परवाचंसुद्धा.”

भार्गवीच्या डोळ्यांपुढे सगळे फोन आले, सैल झालेली केबल आली, टक्के संपेपर्यंत थांबलेला तो आला. तिला हुश्श व्हावं की जमिनीत शिरावं ते कळेना. तिने आधी हुश्श केलं. इतका मोठा श्वास सोडला की माळेची एक पाकळी उडाली.

“परवा रात्रीचं एक राहिलंय,” ती म्हणाली. “तळमजल्याचं. ते मी तिथे बसून लिहीन.”

“मग हे उचलू,” रुचिर म्हणाला, आणि वायरी काढायला लागला.

ते उचलणं हेही एक प्रकरणच होतं. हलका लॅपटॉप आणला होता ही यातायात वाचवायला, आणि आता अख्खा मॉनिटर, अख्खा डबा, किबोर्ड, वायरींचा गुंता, सगळं जिन्यावरून उतरवून ऑटोत घालायचं होतं. डबा बाबांनी उचलला. धोतराचा सोगा खोचून, कपाळावरचं गंध घामाने पसरलेलं, ते एकेक पायरी उतरत होते आणि कोणालाही हात लावू देत नव्हते. ऑटोत मॉनिटर भार्गवीच्या मांडीवर बसला, डबा रुचिरच्या. पुढे बाबांची स्कूटर, हॉर्न वाजवत, दसऱ्याच्या गर्दीतून वाट काढत. दर खड्ड्याला रुचिर एक हात पुढे करून तिचा मॉनिटर धरायचा.

“परवा...” भार्गवी म्हणाली. ऑटोच्या आवाजात तिला मोठ्याने बोलावं लागलं. “परवा मी फार बोलले.”

“काय?”

“मी म्हटलं, चुकलं माझं.”

“ऐकू नाही आलं,” तो म्हणाला. पण हसत होता, म्हणजे आलं होतं.

*

धर्मशाळेत कमिटी पोहे-जलेबी खात बसली होती, हे फार बरं झालं. रुचिरने वायरी जोडल्या आणि भार्गवीने किबोर्ड पुढे ओढला. कालच्या आदल्या रात्री एकदा केलेलं काम बोटांच्या लक्षात असतं. जलेबीचं ताट संपेपर्यंत तिने तो तुकडा पुन्हा लिहिला. एकदा चुकला. रुचिरने एका ओळीवर बोट ठेवलं, तिने अर्धविराम टाकला, आणि तो चालला. मग आज कोण आलं, कोण गेलं ते मॅनेजरला विचारून तिने खोल्या भरल्या.

बापूसाहेब पुढे सरकले. “बेटा, समझो एक परिवार आया. दादी के घुटने खराब हैं, सीढ़ी नहीं चढ़ सकतीं. बताओ.”

भार्गवीने टाइप केलं. पंखा घरघरत होता, दिवा एकदा मंद झाला, आणि तिघांचेही श्वास अडले. तिचा, रुचिरचा आणि मागे उभ्या बाबांचा. दिवा सावरला. पडद्यावर उत्तर आलं: जमनाबाई कक्ष, तळमजला, रिकामा.

“जाकर देखो,” बापूसाहेबांनी मॅनेजरला सांगितलं.

मॅनेजर गेला. त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला, आणि परत आला. “खाली है, साहब.”

“बिना ऊपर-नीचे किए?” कमिटीतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आणि सगळेच हसायला लागले. बापूसाहेबांनी भार्गवीच्या डोक्यावर हात ठेवला. “दिवाली के बाद से शुरू करो, बिटिया. काम तुम्हारा.”

भार्गवीने मागे वळून पाहिलं. बाबा चष्मा पुसत होते. पण या वेळी निघून गेले नाहीत, पुसत पुसत तिथेच उभे राहिले.

“शोभाला सांगतो,” ते म्हणाले, “दुसरी बाई बघ म्हणून.”

*

संध्याकाळी लोक सोनं द्यायला एकमेकांकडे निघाले. आपट्याची पानं, नवे कपडे, दारोदार नमस्कार. रुचिर टोकेकरांच्या फाटकाशी आला तेव्हा भार्गवी पायरीवर उभी होती, कुणाचीही वाट न पाहता, उगीच. त्याच्या शर्टाला इस्त्री इतकी होती की बाही हलताना वाजत होती.

“लॅपटॉप उघडून वाळत ठेवलाय,” तो म्हणाला. “आतून खोबऱ्याचा वास जाईलसं वाटत नाही.”

“राहू दे तो वास.”

त्याने आपट्याचं एक पान पुढे केलं. ती ते घ्यायला वाकली आणि घेता घेता थांबली.

“एक विचारू? कॉपी काढून ठेवताय हे मला सांगितलं का नाही? मी परवा एवढं बोलले, तेव्हासुद्धा नाही.”

“सांगितलं असतं तर...” तो पानाकडे बघत होता. “तुम्ही म्हणाला असता, ठीक आहे, आठवड्यातून एकदा येते. शिस्तीत.”

“आणि?”

“आणि मला एकदा पुरलं नसतं.” त्याने मान वर केली. डोळे खरंच छान होते, आई दुकानात शर्टाबद्दल काहीही म्हणो. “कॉपीही खरी होती, निमित्तही खरं होतं. परवा तुम्ही म्हणालात सरळ बोला, तर... बोलतोय. मला तुम्ही आवडता. त्या काउंटरपासून. तुम्ही माझ्या डोळ्यांबद्दल बोललात ना, तेव्हापासून मी घरी आरशात बघून राहिलोय, काय आहे त्यात म्हणून.”

भार्गवीला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि सकाळपासून छातीत अडकलेलं सगळं एकदम मोकळं झालं. तिने पान घेतलं, दुसरं त्याच्या हातात ठेवलं, आणि हात लगेच काढला नाही.

“डोळ्यांत काय आहे ते मी सांगेन,” ती म्हणाली. “पण तू आधी मला अगं-तुगं कर.”

“भार्गवी,” आतून बाबांचा आवाज आला, “त्यांना बाहेरच उभं करणार आहेस का? आत घे. नारळाची बर्फी केलीय आईने. त्याच नारळाची.”

“आणि हो,” विनोदिनीबाई आतूनच म्हणाल्या, अर्थात मराठीत आणि अर्थात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “आज शर्ट चांगला आहे हो त्याचा.”

रुचिरने आत जाऊन बाबांना वाकून नमस्कार केला, सोनं दिलं, बर्फीचे दोन तुकडे खाल्ले आणि तिसऱ्याला नको म्हणायची छाती झाली नाही. निघताना भार्गवी फाटकापर्यंत आली.

“उद्या ये,” ती हळूच म्हणाली. “आणि ऐक, आता केबल सैल झाली, ओळ राहिली, असलं काही सांगायचं नाही. नुसता ये.”

“नुसता येईन,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, लाल कान. भार्गवीने दार उघडलं. विनोदिनीबाईंनी तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं, आणि रुचिर त्यांच्याकडे बघून गडबडला.

“काकू, ते... केबल तपासायची होती,” तो म्हणाला, आणि पाठीमागे धरलेला हात पुढे आणला. केबल त्याने खरंच आणली होती. या वेळी मात्र ती चांगली लांब केलेली होती, फ्रीगंजपर्यंत पुरावी इतकी, आणि तरीही तो आत येऊन बसला तेव्हा भार्गवी खुर्ची ओढून त्याच्या अगदी शेजारी जाऊन बसली.